आमच्या घाटावरचा डोंगा

आमच्या गोठ्यात दोन गव्हाणी होत्या. एक सिमेंटची, मी बांधलेली. दुसरी लाकडाची, सोळा हात लांब, दोन्ही टोकांना निमुळती. बैल तिच्यात कुटार खायचे. पाहुणा आला की थबकून विचारायचा, "हे काय जी?" मी सांगायचो, "डोंगा आहे." त्याला वाटायचं मी मस्करी करतो. नदी तर गावाबाहेर, अर्ध्या कोसावर. डोंगा गोठ्यात कशाला येईल?

तो कसा आला ते मी कोणाला पुरतं सांगितलं नव्हतं. पोरांनाही नाही. आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पोरानं गोठा पाडायचं काढलं. बैल विकले होते, ट्रॅक्टर आला होता, त्या जागेवर संत्र्यांसाठी शेड पाहिजे होतं. डोंगा ओढून अंगणात आणला. तीस-बत्तीस वर्षं अर्धा उन्हात, अर्धा छपराखाली. सारं अंग चुलीतल्या राखेसारखं झालं होतं. वरून हात फिरवला तर बोटाला पांढरट भुकटी लागायची. पोरगा म्हणाला, "बाबा, हे आता जाळाच्याच कामाचं."

शेडच्या मापासाठी गावातला सुतार आला होता. त्यानं पटाशी काढली अन् फळीच्या कडेला नखाएवढी जागा खरवडली. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. सागाचा तो तेलकट वास आला, नव्या दाराच्या चौकटीला येतो तसा. सुतार म्हणाला, "काकाजी, जाळू नका. हा जुना साग होय. आजच्या भावात असं लाकूड तुमाले भेटणार नाही." मग पोरगाही वाकून पाहायला लागला.

मी तिथंच बसलो. मला १९९१ साल आठवलं. पण त्याच्या आधी डोंग्याची जन्मकथा सांगितली पाहिजे.

आमचं गाव नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठाकडचं. ही नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळच्या डोंगरात निघते. तिच्या अलीकडे आम्ही नागपूर जिल्ह्याचे, पलीकडे वरूड तालुका, अमरावती जिल्हा. आज हे फक्त दोन जिल्हे आहेत. एके काळी ही दोन राज्यांची सरहद्द होती. १८०३ साली आडगावच्या लढाईत अन् त्यानंतर गाविलगडावर इंग्रजांनी मात केली, तेव्हा नागपूरकर भोसल्यांना १७ डिसेंबरला देवगावचा तह करावा लागला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि तो निजामाकडे आला. नदीच्या या काठाला भोसल्यांचा अंमल, त्या काठाला निजामाचा. बायकांची माहेरं मात्र दोन्हीकडे होती. तह झाला म्हणून कोणी माहेरी जायचं थांबवलं नाही. नाव चालूच राहिली.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. पुढं नावांसाठी १८७८ चा कायदा आला. घाट सरकारचा, त्याचा लिलाव व्हायचा, ज्याची बोली मोठी तो माणसामागं अन् जनावरामागं उतराई घ्यायचा. आमच्या घाटावर मात्र आणखी एक रीत होती. गावच्या लोकांनी रोज पैसे द्यायचे नाहीत. खळं झालं की नावाड्यानं खळ्यावर यायचं अन् प्रत्येकाकडून पायली-दोन पायली ज्वारी न्यायची. त्याच्या बदल्यात त्यानं आठ महिने डोंग्याची निगा राखायची अन् चार महिने आम्हाला नदी पार करून द्यायची. उन्हाळ्यात तर नदी पायीच पार होते.

हा डोंगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. माझा आजा सांगायचा, जुना डोंगा पुरात फुटला तेव्हा गावानं वर्गणी केली. मालगुजारानंही हात लावला. फळ्या परतवाड्याच्या लाकूडबाजारातून आणल्या. मेळघाटचा साग तिथं उतरतो. चार बंड्या घेऊन माणसं गेली. येताना चार मुक्काम पडले, अन् शेवटचा मुक्काम नदीच्या पलीकडे, कारण फळ्या अलीकडे आणायला नावच नव्हती. पाणी उतरेपर्यंत थांबले. आजा हे सांगून हसायचा.

बुड अन् बाजू सागाच्या. आतल्या बरगड्या बाभळीच्या. बाभळीची फांदी मुळातच वाकडी वाढते, म्हणून ती बरगडीला बरी. सरळ लाकूड कापून वाकडी बरगडी केली तर तिचे रेषे तुटतात अन् ती मोडते. दोन फळ्यांच्या फटीत अंबाडीचा वाख डांबरात बुडवून ठोकून भरायचा. खालून साऱ्या बुडाला गरम डांबर. हे काम दर वर्षी आखाडीच्या आधी झालंच पाहिजे. नावाडी आबाजी आखाडीच्या आठ दिवस आधी डोंगा उलटा करायचे अन् दिवसभर टकटक चालायची. आम्ही पोट्टे तिथं डांबराच्या गोळ्या मागायला जमायचो.

साग का, हेही आबाजींनीच मला लहानपणी सांगितलं होतं. "आंब्याची फळी पाण्यात सडते, बाभळीले भुंगा लागते. सागात तेल रायते, त्याले किडा धरत नाही." सुताराला विचाराल तर तो दुसरी गोष्ट सांगेल. सागात तेलाबरोबर वाळूसारखा अंशही असतो, म्हणून रंध्याची धार लवकर जाते. अन् तिसरी गोष्ट, ओला होऊन वाळताना साग इतर लाकडांच्या मानानं फार कमी फुगतो अन् कमी आकसतो. दारं आणि नावा दोन्ही त्याच्याच करतात ते यामुळं.

मी शाळेत याच डोंग्यानं गेलो. आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा होती. पुढची नदीपलीकडे. पावसाळ्यात सकाळी आम्ही सहा-सात पोरं काठावर उभी राहायचो, आबाजी बांबू टेकवत यायचे. काठावर दोर बांधायची जागा होती, तिथं दोर घासून घासून फळीला अंगठा बसेल एवढी खाच पडली होती. मी त्या खाचेत अंगठा घालून बसायचो. पाणी चढलं तर आबाजी नाही म्हणायचे अन् त्यांचं नाही म्हणजे नाही. मग रात्री पलीकडे मामाकडे मुक्काम. १९७५ साली महाराष्ट्रात नव्या अभ्यासक्रमाची दहावी पहिल्यांदा झाली, त्या बॅचचा मी. पास झालो अन् शाळा सुटली, कारण वडील अंथरुणाला खिळले होते. पण जेवढं शिकलो ते या सोळा हातांच्या लाकडावर बसून.

पुढं जवळच पूल झाला. एसटी सुरू झाली. घाटाचा लिलाव कोणी घेईना. आबाजी म्हातारे झाले, त्यांचा पोरगा नागपूरला मजुरीला गेला. दोन-तीन वर्षं लोकांनी खळ्यावर ज्वारी दिली, मग ती बंद झाली. मीही बंद केली. तेव्हा वाटलं, नदी कोणी नावेनं पार करत नाही तर पायली कशाची? डोंगा घाटाच्या वर चिंचेखाली उलटा पडून राहिला. आखाडी यायची, जायची. टकटक ऐकू येईनाशी झाली. कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

३० जुलै १९९१. आमच्या भागात हा दिवस सांगावा लागत नाही. वर्धेला महापूर आला अन् मोवाड गाव बुडालं. दोनशेच्या वर माणसं गेली. आजही दर वर्षी त्या दिवशी मोवाडात त्यांना श्रद्धांजली वाहतात. ज्या घरांत मी पंगतीला जेवलो होतो, त्यांच्या भिंती नंतर दिसल्या नाहीत.

आमचं गाव उंचावर म्हणून घरं वाचली. पण खालच्या वावरात आमचा राखणदार, त्याची बायको अन् एक लेकरू होतं. पाणी चढलं तसे ते आंब्यावर चढले. उजाडल्यावर आम्हाला ते दिसले. मधे दोनशे पावलं पाणी, गढूळ, काड्या-कुटार, मेलेली जनावरं वाहत चाललेली. कोणीतरी ओरडलं, "डोंगा आणा!" आम्ही आठ-दहा जण चिंचेकडे धावलो. उलटा केलेला डोंगा सरळ केला, खांद्यावर घेऊन पाण्याच्या काठाशी आणला अन् लोटला. मी अन् आणखी एक जण आत चढलो. बांबू टेकवला नाही तोच बुडातून पाणी यायला लागलं. एका फटीतून नाही, साऱ्याच फटींतून. चाळणीसारखं. वाख कधीचा वाळून गळून गेला होता. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारल्या, डोंगा तिथंच बसला.

त्या तिघांचं नशीब थोर. तो आंबा टिकला. दुपारनंतर पाणी उतरलं, तेव्हा दोर बांधून त्यांना काढलं. लेकराच्या अंगात ताप भरला होता, पण जगलं. त्याला आता स्वतःची लेकरं आहेत.

आबाजी काठीच्या आधारानं काठावर येऊन उभे होते. मी मान खाली घालून त्यांच्याजवळून गेलो. ते म्हणाले, "या पुरात कोणताच डोंगा टिकला नसता, बाबू. पर आपला तं काठावरच डुबला."

बाकी काही बोलले नाहीत. मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी ओसरल्यावर मी डोंगा बंडीवर घालून गोठ्यात आणला अन् दगडांवर बसवून त्याची गव्हाण केली. लोक म्हणाले, बरी युक्ती. युक्ती नव्हती. चिंचेखाली तो रोज येता-जाता दिसायचा, ते मला सहन होत नव्हतं. बैलांच्या तोंडापुढं त्याच्यावर कुटार तरी असायचं. आबाजी पुढच्या वर्षी गेले. त्यांना मी चार शब्द बोललो नाही.

आता सुतारानं फळी खरवडून दाखवली तेव्हा मनात आलं, लाकूड सडलंच नव्हतं. सडली होती आमची सवय.

तेव्हापासून मी सागाबद्दल मिळेल ते वाचू लागलो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी इंग्रजांच्या आरमारासाठी मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात, २६ अन् २७ नोव्हेंबरला, इकडे नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढत होती. ती लढाई आपण हरलो. भोसल्यांचं राज्य गेलं, इंग्रजांचंही गेलं. ते जहाज मात्र इंग्लंडात हार्टलपूल इथं अजून पाण्यावर तरंगत उभं आहे. पण सागाचं आहे म्हणून आपोआप उभं नाही. तेही जीर्ण झालं होतं. १९९० पासून अकरा वर्षं खपून तिथल्या लोकांनी ते नीट केलं. २०२३ साली दिल्लीत नवं संसद भवन झालं, त्याला साग नागपूरहून गेला. आपल्याकडे साग कमी नाही. फटी भरणारे हात कमी झाले.

मग डोंगा नीट करायचं ठरवलं. त्यात आम्ही चुका केल्या. त्या सांगतो, म्हणजे कोणाच्या घरी जुनी चौकट, झोपाळा, बंडीची साटी असेल त्याला उपयोग होईल.

पहिली चूक पोराची. त्यानं बागेत फवारणीचा एचटीपी पंप असतो तो लावला अन् जोराचा फवारा मारला. राख धुऊन निघाली, आम्ही खूश झालो. वाळल्यावर पाहिलं तर फळीवर नांगरल्यासारखे तास पडले होते. लाकडात मऊ रेष अन् टणक रेष अशी आलटून पालटून असते. जोराच्या पाण्यानं मऊ रेष निघून जाते, टणक उभी राहते. तारेच्या ब्रशानंही तेच होतं. सुतारानं येऊन डोक्याला हात लावला. म्हणाला, "काकाजी, हे राखाडी म्हणजे नुसती वरची कातडी. उन्हानं होते. आत लाकडाले काही झालं नाही. तिच्यासाठी एवढं मारता काहून?"

मग आम्ही साध्या रीतीवर आलो. फळी आधी भरपूर भिजवायची. रिठ्याचं पाणी करून नारळाच्या शेंडीनं हलक्या हातानं घासायचं, तेही रेषेच्या आडवं, उभं नाही. उभं घासलं की शेंडी मऊ रेषेतच उतरते. घासून लगेच स्वच्छ पाण्यानं धुवायचं. दिवसाला एक फळी. माझी नात रोज शाळेतून आली की अर्धा तास घासायला बसायची.

लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग होते. लोखंड अन् लाकडातला रस ओलीत एकत्र आले की असा डाग पडतो. पॉलिशवाल्यानं ऑक्झॅलिक आम्ल सुचवलं. ते काम करतं, पण विषारी. हातमोजे घालून लावावं लागतं अन् मग पाण्यानं पुन्हापुन्हा धुवावं लागतं. अंगणात कोंबड्या फिरतात, बकरी बांधलेली असते. मी आधी जंबेरी लावून पाहिली. आमच्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या रोपावर बांधतात, तिचं फळ असं आंबट की दात शिवशिवतात. रस लावून फडकं झाकून तासभर ठेवला. वरचे डाग बरेच फिके झाले, खोलवरचे राहिले. त्या चार-पाच जागांना मग कोंबड्या कोंडून, हातमोजे घालून ऑक्झॅलिक लावलं.

साफ झाल्यावर पोरगा म्हणाला, व्हार्निश मारू, चमकेल. सुतार नको म्हणाला. उन्हापाण्यात व्हार्निशचे पोपडे निघतात अन् पोपड्याखाली पाणी अडकतं. त्यापेक्षा जवसाचं पक्कं तेल, थोडं तारपीन घालून पातळ केलेलं. पातळ हात मारायचा अन् अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्यायचं. जाड थर ठेवला तर तो चिकट राहतो, त्यावर धूळ बसते अन् बुरशी धरते. आणखी एक ध्यानात ठेवा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, फडक्यांचा ढीग आपोआप पेटतो. ती पसरून वाळवावी.

बाभळीच्या बरगड्या काढून पाहिल्या तर आतून पीठ झालं होतं. आबाजी बरोबर सांगत होते. बांधावरच्या बाभळीच्या वाकड्या फांद्या तोडून नव्या बसवल्या. सागाच्या फळ्या अकरा. त्यातली एकच बदलावी लागली, ती पंपानं खराब केलेली.

काठावरची ती खाच आली तेव्हा सुतारानं रंधा उचलला. म्हणाला, "हे सपाट करून टाकतो." मी त्याचा हात धरला. ती तशीच राहू दिली. माझा अंगठा आता तिच्यात बसत नाही, सांध्यांनी जाड झाला आहे. नातीचा बसतो.

राहिलं फटींचं काम. ते शिकवायला गावात कोणी उरलं नव्हतं. आबाजींचा नातू नागपूरहून बोलावला. तो ऑटो चालवतो, त्यानं कधी डोंग्यात पाय ठेवला नव्हता. पण त्याच्या घरी आजोबांची ती बोथट पटाशी अन् लाकडी मोगरी होती, ती तो घेऊन आला. आम्ही दोघांनी अंदाजानं केलं. वाख पिळून पिळून, डांबरात बुडवून, थोडा थोडा ठोकत गेलो. एका जागी जास्त ठोकला तर फळी बाजूला सरकते, हे एक फट बिघडवल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी हात बसला. टकटक सुरू झाली तशी गल्लीतली म्हातारी माणसं एकेक करून अंगणात येऊन बसली. कोणी काही बोललं नाही. चहा झाला, गेले.

पोळ्याच्या आठ दिवस आधी डोंगा घाटावर नेला. आता नदीत पूर्वीसारखं पाणी राहत नाही. आमचा पट्टा बोअरवेलनं उपसून काढलेला, एप्रिलमध्ये पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. पण त्या वर्षी डोहात पाणी होतं. डोंगा लोटला. पहिल्या दिवशी गळला. मी घाबरलो, ३० जुलै डोळ्यांपुढं आली. आबाजींचा नातू म्हणाला, "गळू द्या काकाजी, आजा म्हणे का आधी लाकडाले पाणी पाजा लागते." दोर बांधून दोन दिवस तो तसाच काठावर बुडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं. परत भरलं नाही. दोन जागी ओल धरली, एवढंच.

मी आत बसलो, नात बसली, आबाजींच्या नातवानं बांबू टेकवला. पलीकडे वरूडच्या बाजूला जाऊन आलो. त्याला मी पायलीभर ज्वारी दिली. तो म्हणाला, "काकाजी, ज्वारी काय करू? पैसे द्या तं पेट्रोल भरता येईल." मी पैसे दिले, पण ज्वारीही न्यायला लावली. मागची बाकी होती म्हटलं. त्याला काय कळलं कोणास ठाऊक.

डोंगा आता पावसाळ्यात घाटावर बांधलेला असतो. कोणी त्यातून नदी पार करत नाही, पूल आहे. पण आखाडीच्या आधी आम्ही तो उलटा करतो अन् फटी भरतो. पोरगा म्हणतो, बाबा, कामाचा नाही तर कशाला? मी म्हणतो, तो कामाचा असतो तेव्हा भरायला वेळ नसतो.